आयनांबर : सूर्याइतकेच पृथ्वीचेही

पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ६० किलोमीटर उंचीवर सुरू होऊन हजारभर किलोमीटरपर्यंत पसरलेल्या विरळ हवेत मुक्त इलेक्ट्रॉन आणि धनभारित आयन वावरत असतात. वातावरणाच्या या विद्युतभारित भागाला आयनांबर म्हणतात. शालेय भूगोलात तपांबर, स्थितांबर, मध्यांबर आणि त्यावर आयनांबर असे एकावर एक मजले काढलेले असतात. ही आकृती लक्षात ठेवायला सोपी असली तरी दिशाभूल करणारी आहे. आयनांबराला स्वतःचा असा मजला नाही. मध्यांबराच्या वरच्या भागापासून ते सुरू होते, त्यावरचे सगळे उष्मांबर व्यापते आणि तिथल्या उदासीन, म्हणजे भाररहित हवेत मिसळून असते. ३०० किलोमीटरच्या आसपास, जिथे भर दुपारी इलेक्ट्रॉनांची दाटी सर्वाधिक असते, तिथेही एका घन सेंटिमीटरमध्ये साधारण दहा लाख इलेक्ट्रॉन असले तर उदासीन कण त्यांच्या हजारपट असतात. हजारात एक एवढेच आयनांबराचे प्रमाण. तरीही रेडिओलहरी वळवणे, उपग्रहाच्या संदेशाला उशीर लावणे, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात रोज चढउतार घडवणे ही सगळी कामे हा हजारातला एक कण करतो.

हे कण सूर्य निर्माण करतो, म्हणून आयनांबर ही सूर्याची करणी आहे असे सरसकट लिहिले जाते. ते अर्धेच खरे आहे. कण निर्माण झाल्यावर ते कुठे साचतील, किती वेळ टिकतील, सूर्यास्तानंतर त्यांचे काय होईल, हे पृथ्वी ठरवते. तिचे चुंबकीय क्षेत्र, तिचे वारे, उंचावरच्या हवेची रासायनिक घडण आणि अगदी खालचे पाऊसपाणीसुद्धा त्यात हात घालते. भारतासारख्या, चुंबकीय विषुववृत्त ज्याच्या दक्षिण टोकावरून जाते अशा देशात हा फरक रोज दिसतो, आणि तो नीट समजून न घेण्याची किंमतही इथेच जास्त पडते.

या थराची पहिली चाहूल रेडिओमुळे लागली नव्हती. होकायंत्राची सुई दिवसभरात किंचित इकडेतिकडे सरकते, हे अठराव्या शतकापासून ठाऊक होते. उंच हवेत वाहणारे विद्युतप्रवाह हे त्याचे कारण असावे, असे बाल्फोर स्ट्युअर्ट या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाने १८८२ मध्ये मांडले. त्यानंतर १२ डिसेंबर १९०१ रोजी मार्कोनीने इंग्लंडमधील पोल्धू येथून निघालेला संदेश अटलांटिकपलीकडे न्यूफाउंडलंडमध्ये ऐकल्याचे जाहीर केले. सरळ रेषेत जाणारी लहर गोल पृथ्वीला वळसा कसा घालते, या प्रश्नाला १९०२ मध्ये केनेली आणि हेविसाइड या दोन संशोधकांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे एकच उत्तर दिले : वर कुठेतरी विद्युतवाहक थर असला पाहिजे. मार्कोनीने तो संदेश दिवसाउजेडी ऐकला होता आणि त्या लहरी दिवसा आयनांबराच्या खालच्या भागात बऱ्याच शोषल्या जातात. त्यामुळे त्याने नेमके काय ऐकले, यावर जाणकारांत अजूनही वाद आहे. वादातीत पुरावा यायला १९२४ उजाडले. एडवर्ड ॲपलटन आणि माइल्स बार्नेट यांनी बोर्नमथच्या प्रक्षेपकावरून निघालेल्या लहरींची वारंवारता हळूहळू बदलत नेली आणि जमिनीवरून आलेली लहर व वरून परतलेली लहर यांच्या एकत्र येण्यातून परावर्तक थराची उंची काढली. या कामासाठी ॲपलटन यांना १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्याच तत्त्वावर चालणारे आयनोसोंड हे यंत्र आजही या शास्त्राचा कणा आहे. जमिनीवरून सरळ वर रेडिओस्पंद सोडायचा, तो परत यायला लागलेल्या वेळावरून उंची मोजायची, आणि वारंवारता सुमारे १ मेगाहर्ट्झपासून २० मेगाहर्ट्झपर्यंत चढवत न्यायची. इलेक्ट्रॉनांची दाटी जितकी जास्त, तितकी अधिक वारंवारतेची लहर ती परतवू शकते. घन सेंटिमीटरला दहा लाख इलेक्ट्रॉन असतील तर सुमारे ९ मेगाहर्ट्झपर्यंतची लहर परत येते आणि त्यावरची थर भेदून निघून जाते. कागदावर किंवा पडद्यावर उमटणाऱ्या आलेखात डावीकडे १०० किलोमीटरजवळ ई नावाच्या थराची आडवी रेघ दिसते. पुढे २००-३०० किलोमीटरवर एफ नावाच्या थराची रेघ सुरू होते आणि भेदक वारंवारता जवळ आली की ती झपाट्याने वर चढते. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे लहरीचे दोन भाग होतात, म्हणून ही चढती रेघ जोडीने येते. केवळ सूर्यप्रकाशाच्या हिशेबात या जोडरेघेला जागा नाही. पृथ्वीचा हात प्रत्येक आलेखावर असा उघड उमटलेला असतो.

सूर्याची बाजू आधी पूर्ण मांडायला हवी, कारण ती थोडीथोडकी नाही. डोळ्यांना दिसणारा सूर्यप्रकाश आयनांबर घडवत नाही. त्याच्या फोटॉनमध्ये इलेक्ट्रॉन उपटून काढण्याइतकी ऊर्जा नसते. ते काम दूर अतिनील किरण आणि क्ष-किरण करतात. सूर्याच्या एकूण ऊर्जेत त्यांचा वाटा नगण्य असला तरी ते सगळे वरच्या हवेतच शोषले जातात. उंच गेल्यावर किरण भरपूर पण हवा विरळ असते, तर खाली हवा दाट पण किरण संपलेले असतात. त्यामुळे मधल्या कुठल्यातरी उंचीवर इलेक्ट्रॉनांची निर्मिती सर्वाधिक होते, हे सिडनी चॅपमन यांनी १९३१ मध्ये गणिताने दाखवले. वेगवेगळे किरण वेगवेगळ्या खोलीपर्यंत पोचतात, म्हणून थर वेगळे पडतात. ६० ते ९० किलोमीटरच्या डी थरात हायड्रोजनची १२१.६ नॅनोमीटरची लायमन-अल्फा रेषा नायट्रिक ऑक्साइडच्या रेणूंना आयनित करते. त्यावरच्या ई थरात क्ष-किरण आणि अतिनील किरण ऑक्सिजनच्या रेणूंवर काम करतात. सर्वांत वरच्या एफ थरात अतिनील किरणांचा मारा मुख्यतः ऑक्सिजनच्या सुट्या अणूंवर होतो.

हे किरण मोठे चंचल असतात. सूर्याच्या ११ वर्षांच्या चक्रात त्याची एकूण ऊर्जा जेमतेम ०.१ टक्क्याने बदलते. दूर अतिनील किरण मात्र सुमारे दुप्पट किंवा अधिक होतात, आणि क्ष-किरणांची वाढ त्याहून कितीतरी मोठी असते. त्या तालावर उष्मांबर तापते आणि फुगते. शांत सूर्याच्या वर्षांत त्याचे तापमान ७०० ते ८०० केल्विन असते, चक्राच्या कळसाला ते १,२०० केल्विनच्या पुढे जाते. ४०० किलोमीटर उंचीवरच्या हवेची घनता तेवढ्यात सुमारे दहापट वाढू शकते. स्कायलॅब हे अमेरिकी अंतराळस्थानक अपेक्षेपेक्षा लवकर, ११ जुलै १९७९ रोजी कोसळले, त्यामागे याच फुगलेल्या हवेचे वाढते घर्षण होते.

सूर्यावर ज्वाला भडकली की साधारण आठ मिनिटांत तिचे क्ष-किरण पृथ्वीवर पोचतात आणि उजेडाकडच्या गोलार्धात डी थर एकाएकी दाट होतो. या उंचीवर हवा पुरेशी दाट असल्याने लहरीने हलवलेले इलेक्ट्रॉन रेणूंवर आपटून तिची ऊर्जा उष्णतेत घालवतात. परिणामी शॉर्टवेव्हवरचे संदेश काही मिनिटे ते तासभर बुडून जातात. ४ नोव्हेंबर २००३ रोजीची ज्वाला इतकी प्रखर होती की उपग्रहावरचे क्ष-किरण मापक आपल्या कमाल मर्यादेला जाऊन अडकले. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाच्या संशोधकांनी मग अतिदीर्घ रेडिओलहरींच्या नोंदींवरून डी थर किती खाली ढकलला गेला ते मोजले आणि ज्वालेची तीव्रता क्ष-किरणांच्या मोजपट्टीवर एक्स ४५ च्या घरात असल्याचा अंदाज दिला. यंत्राने हात टेकले तरी आयनांबर मोजत राहिले होते. सूर्याशी त्याचे नाते किती थेट आहे, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

एवढे मान्य केल्यावरही चॅपमन यांचे गणित डी आणि ई थरांपुरतेच बऱ्यापैकी चालते. एफ थरापाशी ते अडखळते. सूर्य मावळला की इलेक्ट्रॉनांची निर्मिती थांबते, तेव्हा एफ थर तासा-दोन तासांत विरून जायला हवा. तो पहाटेपर्यंत टिकतो. हिवाळ्यात सूर्य तिरपा असतो, तेव्हा दुपारची दाटी उन्हाळ्यापेक्षा कमी हवी. मध्यम अक्षांशांवर ती उलट जास्त भरते. दोन्ही कोड्यांचे उत्तर उंच हवेच्या रसायनशास्त्रात आहे. ऑक्सिजनच्या अणूचा आयन इलेक्ट्रॉनशी सरळ जुळायला फार वेळ घेतो. त्याला आधी नायट्रोजनच्या किंवा ऑक्सिजनच्या रेणूशी अदलाबदल करून रेणवीय आयन व्हावे लागते, आणि मगच तो चटकन इलेक्ट्रॉन गिळतो. म्हणजे जिथे रेणू कमी तिथे इलेक्ट्रॉनांना आयुष्य जास्त. उन्हाळी गोलार्धातून हिवाळी गोलार्धाकडे वाहणारे उष्मांबरातले वारे ऑक्सिजनचे अणू हिवाळ्याच्या बाजूला लोटतात, म्हणून तिथे थर दाट होतो. सूर्य इलेक्ट्रॉन जन्माला घालतो. त्यांचे मरण मात्र हवेच्या हातात असते. कोणत्याही क्षणी दिसणारी दाटी या दोहोंची वजाबाकी असते, आणि तीही वाऱ्याने वाहून नेलेल्याचा हिशेब धरून.

विषुववृत्ताजवळ आले की पृथ्वीचा वाटा वरचढ ठरतो. सूर्य डोक्यावर तळपतो तिथे दाटी सर्वाधिक असणे ओघाने आले. ॲपलटन यांनी १९४६ मध्ये जगभरच्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा वेगळेच निघाले. चुंबकीय विषुववृत्तावर खळगा होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना १५ ते २० अंशांवर शिखरे. भूगोलातल्या विषुववृत्ताशी नव्हे, चुंबकीय विषुववृत्ताशी ही रचना बांधलेली होती, यातच तिचे कारण सूचित होते. त्याच वर्षी कोलकात्यात शिशिरकुमार मित्र यांनी त्याची एक उकल सुचवली. विषुववृत्तावर खूप उंचीवर निर्माण झालेले कण चुंबकीय बलरेषांवरून घरंगळत उत्तर-दक्षिणेकडे खाली उतरत असावेत, असे त्यांचे म्हणणे होते. कण इतक्या उंच कसे जातात, हा दुवा पुढे डेव्हिड मार्टिन यांनी जोडला. दिवसा ई थरात पूर्वेकडे तोंड केलेले विद्युतक्षेत्र असते आणि आडव्या चुंबकीय क्षेत्राशी मिळून ते भारित कणांना वर उचलते. वर चढलेले कण बलरेषांवरून दोन्हीकडे ओघळतात. या क्रियेला आज विषुववृत्तीय कारंजे म्हणतात. मित्र यांचा ‘दि अपर ॲटमॉस्फिअर’ हा ग्रंथ १९४७ मध्ये निघाला आणि जगभरच्या अभ्यासकांनी तो वापरला. पण कारंज्याच्या उकलीतला त्यांचा वाटा भारतातच फारसा सांगितला जात नाही, तो सांगितला गेला पाहिजे.

भारताच्या नकाशावर ही रचना ठेवून पाहावी. खळगा केरळ-तमिळनाडूच्या दक्षिण टोकावर आणि उत्तरेचे शिखर अहमदाबाद, भोपाळ, कोलकाता या पट्ट्याच्या आसपास. महाराष्ट्र या दोहोंमधल्या उतारावर येतो. चुंबकीय विषुववृत्तावर सुमारे १०५ किलोमीटर उंचीवर, जेमतेम सहा अंश रुंदीच्या पट्ट्यात, दिवसा पूर्वेकडे वाहणारा तीव्र विद्युतप्रवाह असतो. त्याला विषुववृत्तीय इलेक्ट्रोजेट म्हणतात. त्याचा अभ्यास अग्निबाणांनी करता यावा म्हणूनच केरळातल्या थुंबा या कोळ्यांच्या गावाची निवड झाली. २१ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी तिथून नायकी-अपाची अग्निबाण सोडियमची वाफ घेऊन उंच हवेतले वारे मोजायला झेपावला. भारताचा अंतराळ कार्यक्रम जन्मला तो या आयनांबराच्या अभ्यासासाठी, हे विसरले जाते.

इथले सर्वांत त्रासदायक नाट्य सूर्यास्तानंतर घडते. प्रकाश गेल्यावर ई थर आणि एफ थराचा तळ चटकन विरतो. त्याच वेळी मावळतीच्या रेषेजवळ पूर्वाभिमुख विद्युतक्षेत्र थोडा वेळ उसळी घेते आणि उरलेला एफ थर आणखी वर उचलला जातो. आता दाट भाग वर आणि जवळपास रिकामा भाग खाली, अशी स्थिती येते. भांड्यात तेलावर पाणी ओतले तर तेल जसे बुडबुड्यांनी वर येऊ पाहते, तशीच ही अस्थिरता असते. विरळ पोकळ्या तळातून सुटून वर घुसतात, कधी हजार किलोमीटरच्याही वर जातात, आणि बलरेषांवरून उत्तर-दक्षिणेस शेकडो किलोमीटर पसरतात. कोल्हापूरहून भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या संशोधकांनी रात्रीच्या आकाशाची ६३० नॅनोमीटरच्या लाल मंद प्रकाशात जी छायाचित्रे घेतली, त्यांत या पोकळ्या उत्तर-दक्षिण लांबलेल्या काळ्या पट्ट्यांसारख्या दिसतात. एकामागून एक प्रतिमा पाहिल्या तर त्या पूर्वेकडे सरकत जातात. साध्या डोळ्यांना तिथे तारे भरलेले निरभ्र आकाश असते. उपग्रहाचा संदेश मात्र त्या पट्ट्यांतून येताना लुकलुकतो, आणि ग्राहकयंत्राची पकड कधीकधी सुटते.

या पोकळ्यांचा मोसम पाहिला की एकट्या सूर्यावर भिस्त ठेवणे किती अपुरे आहे ते कळते. भारतावर त्या मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जास्त येतात. ब्राझील आणि अटलांटिकच्या पट्ट्यात त्यांचा भर डिसेंबरच्या आसपास असतो. सूर्य तोच, अक्षांश मिळतेजुळते. फरक पडतो तो होकायंत्राची सुई भौगोलिक उत्तरेपासून किती कललेली आहे याने. मावळतीची रेषा चुंबकीय रेखावृत्ताशी समांतर होते तेव्हा पोकळ्यांना अनुकूल परिस्थिती असते. भारतात सुईचा कल अल्प आहे, म्हणून तो काळ विषुवदिनांजवळ येतो. ब्राझीलमध्ये कल मोठा आहे, म्हणून तो सरकतो. त्याहून अवघड प्रश्न रोजच्या बदलाचा आहे. सूर्य जसाच्या तसा असताना आज पोकळ्या येतात आणि उद्या येत नाहीत. खालून वर चढणाऱ्या हवेच्या लाटा त्यांची पहिली ठिणगी टाकत असाव्यात, असा अनेक अभ्यासकांचा कयास आहे. या क्षेत्रातला हा सर्वांत कठीण उघडा प्रश्न आहे.

चुंबकीय वादळे ही तरी पूर्णपणे सूर्याची सत्ता असावी, असे वाटते. तिचा एक जुना आणि मोलाचा दस्तऐवज मुंबईत आहे. कुलाबा वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये उभारली, १८४१ पासून तिथे चुंबकीय नोंदी सुरू झाल्या. बाळशास्त्री जांभेकरांनीही या वेधशाळेचे काम पाहिले होते. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सौरडागांचे रेखाटन करत असताना त्यांना पांढऱ्याशुभ्र प्रकाशाची ज्वाला दिसली. त्याच क्षणी क्यू येथील चुंबकमापकाने लहानसा झटका नोंदवला. ज्वालेच्या क्ष-किरणांनी आयनांबरातले प्रवाह एकाएकी वाढवले होते, त्याची ती खूण होती. आयनांबर नावाचे काही आहे हे कोणालाही माहीत नसताना त्याची नोंद झाली. सुमारे साडेसतरा तासांनी सूर्याने फेकलेला द्रव्यमेघ पृथ्वीवर आदळला. २ सप्टेंबरला कुलाब्याच्या निरीक्षकांनी तास-तासाचा क्रम सोडून कमी अंतराने वाचने घेतली. त्यांत क्षैतिज चुंबकीय बल सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने घसरलेले दिसते. त्या वादळाची विषुववृत्तानजीकची सलग नोंद म्हणून जगभर आज तिचाच आधार घेतला जातो.

पण ही घसरण सगळी कुठून आली? पृथ्वीभोवती हजारो किलोमीटरवर वाहणाऱ्या वलयप्रवाहाची ती करणी आहे, असे एक मत. घसरण फार तीव्र आणि फार थोडा वेळ टिकलेली आहे, म्हणून तिच्यात आयनांबरातल्या आणि त्याला जोडलेल्या प्रवाहांचाही मोठा भाग असावा, असे दुसरे. तासाची सरासरी घेतली तर आकडा जवळपास निम्म्यावर येतो. वाद मिटलेला नाही, आणि तो घालता येतो एवढ्यासाठीच की कुणीतरी त्या दिवशी उठून वाचने घेतली. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार, हे ओळखून वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय मूस यांनी १९०४ मध्ये अलिबागला अचुंबकीय साहित्याची इमारत बांधून घेतली. दोन वर्षे दोन्हीकडे समांतर नोंदी ठेवल्या, आणि १९०६ मध्ये कुलाब्याचे काम थांबवले. दोन ठिकाणच्या आकड्यांची सांधेजोड त्यामुळे पक्की झाली. विज्ञानातली सावधगिरी काय असते, हे या दोन वर्षांत दिसते.

वादळ एकच असले तरी त्याचा परिणाम ठिकाणागणिक वेगळा होतो. १० मे २०२४ रोजी भारतीय वेळेनुसार रात्री साडेदहाच्या सुमारास सुरू झालेले वादळ दोन दशकांतले सर्वांत मोठे होते. लडाखमधील हानले येथून आकाशात लाल आभा टिपली गेली. अमेरिकेत पेरणीच्या ऐन दिवसांत उपग्रहांच्या आधाराने चालणारे ट्रॅक्टर अडले. भारतात तेवढा गोंधळ झाला नाही. मुख्य तडाखा ११ मेच्या पहाटे-सकाळी बसला, तेव्हा इथले आयनांबर पुरते भरलेले नव्हते, असे इस्रोने नोंदवले. तेच वादळ दुपारी आले असते तर वादळी विद्युतक्षेत्राने विषुववृत्तीय कारंजे आणखी उंच उसळवले असते. उलट दिशेचे उदाहरणही आहे. ३ फेब्रुवारी २०२२ रोजी सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी ३८ गमावले गेले, आणि ते वादळ तर सौम्य म्हणावे असेच होते. सुमारे २१० किलोमीटरच्या खालच्या कक्षेत तापलेल्या उष्मांबराचे घर्षण त्यांना पेलले नाही. वादळाचा आकडा आणि नुकसानीचा आकडा यांचे गुणोत्तर ठरलेले नसते.

गेल्या वीस वर्षांतल्या शोधांनी तर खालच्या हवामानाचा हात थेट पकडून दिला आहे. २००६ मध्ये उपग्रहाच्या अतिनील प्रतिमांवरून दिसले की विषुववृत्तीय शिखरांचा पट्टा पृथ्वीभोवती सारखा नाही, त्याला चार फुगवटे आहेत. ॲमेझॉन, काँगो आणि इंडोनेशियाच्या पट्ट्यांतल्या गडगडाटी ढगांत सुटणाऱ्या उष्णतेमुळे हवेत भरतीच्या लाटा उठतात, त्या ई थरापर्यंत चढून तिथली विद्युतक्षेत्रे बदलतात, आणि ते फुगवटे तयार होतात. जानेवारी २००९ मध्ये सूर्य कमालीचा शांत होता. त्या काळात उत्तर ध्रुवाजवळचे स्थितांबर एकाएकी तापले आणि हजारो किलोमीटर दूर, पेरूमधील हिकामार्का येथील रडारने विषुववृत्तीय आयनांबराची दिनचर्याच बदललेली पाहिली. १५ जानेवारी २०२२ रोजी टोंगाजवळच्या ज्वालामुखीच्या स्फोटाने उठलेल्या दाबलाटांनी पॅसिफिकवरचे आणि आशियावरचे आयनांबर ढवळून काढले. यांतल्या एकाही घटनेचे कारण सूर्यावर शोधून मिळणार नाही.

माणसाचाही हात तिथे पोचला आहे. खाली उष्णता अडवणारा कार्बन डायऑक्साइड वरच्या विरळ हवेत उष्णता अवकाशात उत्सर्जित करतो, म्हणून त्याच्या वाढीने उष्मांबर थंड होऊन आकसेल, असे रोबल आणि डिकिन्सन या शास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये वर्तवले. जुन्या उपग्रहांच्या कक्षा किती वेगाने खालावल्या, यावरून केलेल्या गणिताने तसा घनतेचा उतार दाखवला आहे. घर्षण कमी झाले की अवकाशातला कचरा अधिक वर्षे वर फिरत राहतो.

यावर रास्त आक्षेप असा की हे सगळे तपशील आहेत. ११ वर्षांच्या मापाने पाहिले तर सूर्याचाच आलेख आयनांबराच्या आलेखाशी जुळतो. सरासरीपुरता हा आक्षेप बरोबर आहे. पण विमान, जहाज, सर्वेक्षण करणारा अभियंता यांना सरासरी लागत नाही. त्यांना त्या संध्याकाळी, त्या ठिकाणी काय होणार ते हवे असते. तिथे सूर्याचा आकडा हाती असूनही अंदाज चुकतो, कारण उरलेली कारणे पृथ्वीवर असतात.

भारतात याचा हिशेब मीटरमध्ये मांडता येतो. एका चौरस मीटरच्या उभ्या स्तंभात १ वर १६ शून्ये इतके इलेक्ट्रॉन असले तर जीपीएसच्या मुख्य वारंवारतेवर अंतराच्या मोजणीत सुमारे १६ सेंटिमीटरची चूक येते. सक्रिय सूर्याच्या वर्षांत, विषुवदिनांजवळच्या दुपारी, अहमदाबाद-भोपाळच्या पट्ट्यात ही संख्या शंभरपटीच्या वर जाते. म्हणजे चूक १६ मीटरच्या वर. जीपीएसच्या संदेशातूनच येणारे साधे दुरुस्ती-सूत्र यातली ढोबळमानाने निम्मी चूक काढते. अमेरिकेच्या विमानवाहतुकीसाठी केलेली दुरुस्ती-प्रणाली सगळे आयनांबर ३५० किलोमीटरवरच्या एका पातळ कवचात आहे असे धरून चालते. मध्यम अक्षांशांवर ते खपते. कारंजे, शिखरे आणि तीव्र उतार असलेल्या भारतीय आकाशात ते पुरत नाही. म्हणून इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांच्या ‘गगन’ प्रणालीसाठी अनेक कवचांचे वेगळे प्रतिमान रचावे लागले, आणि त्यासाठी देशभरच्या केंद्रांवर वर्षानुवर्षे इथल्याच आकाशाची मापे घ्यावी लागली. भारताच्या ‘नाविक’ या दिशादर्शक उपग्रहांना एल ५ सोबत एस पट्ट्याची वारंवारता दिली आहे. तितक्याच इलेक्ट्रॉनांमागे एल ५ वर २९ सेंटिमीटर आणि एस वर सुमारे साडेसहा सेंटिमीटर चूक येते, आणि या फरकावरून आयनांबराचा वाटा थेट काढता येतो. पोकळ्यांतून येणाऱ्या लुकलुकीला मात्र हा उपाय चालत नाही. तिथे संदेशच तुटतो.

सूर्याचा अभ्यास करणारे भारताचे आदित्य-एल१ हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी निघाले आणि जानेवारी २०२४ मध्ये पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरच्या आपल्या कक्षेत स्थिरावले. सौरवारा त्याच्यावरून पुढे पृथ्वीपर्यंत यायला साधारण अर्धा ते एक तास घेतो, तेवढी आगाऊ सूचना ते देऊ शकते. ही मोठी जमेची बाजू आहे. पण सूर्यावरून काय निघाले हे कळल्याने संध्याकाळी साडेसात वाजता कोल्हापूरच्या किंवा भोपाळच्या आकाशात पोकळी उठेल की नाही, ते कळत नाही. त्यासाठी तिरुनेलवेलीपासून दिल्लीपर्यंत आयनोसोंड, चुंबकमापक, आकाशचित्रक आणि उपग्रहसंदेशांचे ग्राहक यांची दाट साखळी हवी, ती बारा महिने चालू हवी, आणि चालवणारी माणसे टिकायला हवीत. यानाच्या उड्डाणाला जेवढे लक्ष मिळते, त्याच्या अंशानेही या साखळीला मिळत नाही, आणि ही आपली खरी उणीव आहे. सरकारने आणि विद्यापीठांनी या जमिनीवरच्या नोंदींना स्वतंत्र, कायमचा निधी द्यावा, केंद्र हलवायची वेळ आली तर अलिबागसारखी दोन वर्षे समांतर मापे घेण्याची अट घालावी, आणि जमलेले सगळे आकडे कोणत्याही विद्यार्थ्याला मागितल्याबरोबर मिळतील असे खुले ठेवावेत.